पहिल्या पाण्याचा मान

गावाचं नाव मी सांगणार नाही. दुसरबीडला एसटीतून उतरायचं आणि नदीच्या अंगानं चालत राहायचं, की बारवेचा चौथरा दिसतो, एवढं पुरे. नाव झाकण्याचं कारण भीती नाही. गावातल्या थोरल्या घरांतल्या नातसुना माझ्याच हाताखाली बाळंत झाल्या, माझ्याशी चांगलं बोलतात, आणि आजेसासऱ्यानं काय केलं याचा जाब त्यांना विचारण्यात काही अर्थ नाही. पण बनाबाईचं नाव निघालं की गावात अजून एकच वाक्य ऐकू येतं: तिनं भांडून पहिलं पाणी घेतलं आणि बौद्धवाड्याला नारू दिला. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. अख्खी बाई लोकांनी एका वाक्यात गुंडाळून टाकली, आणि तेही खोट्या.

बनाबाई माझी मोठीमाय, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. हाडापेरानं दणकट, रंगानं काळीभोर, आणि आवाज असा की शेजारच्या शेतातलं ढोर मान वर करायचं. गोड बाई नव्हती ती. उसनं नेलेलं सूप संध्याकाळी परत आलं नाही तर दारात जाऊन उभी राहायची. माझ्या आईशी तिचं वर्षातून दोनदा तरी वाजायचं, आणि आईचंच चुकलेलं असायचं. तिचा नवरा कचरू, म्हणजे माझे मोठे बाबा, हंगामात खामगावला जिनिंगमध्ये सरकी उपसायला जायचे आणि उरलेलं वर्ष घरी खोकायचे. बोलणं कमी. त्यांना एकच मूल, पंचफुला. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, मॅट्रिकला बसलेली वाड्यातली पहिली पोरगी. तिला नर्स व्हायचं होतं. खरं तर हे तिच्या आईनं ठरवलं होतं, पण पंचफुलालाही ते मनापासून हवं होतं.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा सहा-सात वर्षं झाली असतील. आम्ही बौद्ध होऊन त्याहून जास्त. वाड्यातल्या लोकांनी घरातले देव टोपलीत भरून नदीला दिले होते, मेलेलं ढोर ओढणं सोडलं होतं. बारवेच्या पायऱ्यांना मात्र हे अजून कुणी कळवलं नव्हतं.

बारव जुनी, चारही अंगांनी पायऱ्या उतरत गेलेली. पाणी भरायचं तर पायऱ्या उतरून घोट्याभर पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची. याचा एक क्रम होता. पहाटे फटफटायच्या आत मारुतीच्या गुरवाची घागर, मग सरपंच उकंडरावांच्या घरची, मग त्यांच्या भावकीतली, मग माळ्यांची, आणि असं उतरत उतरत ऊन डोक्यावर येईस्तोवर सगळं गाव भरून व्हायचं. मग आमच्या बाया बारवेभोवतीच्या भिंतीच्या, कुसवाच्या बाहेर रिकाम्या घागरी मांडून उभ्या राहायच्या. उशिरा आलेली गावातली एखादी बाई दया आली तर भरून आणून वरून ओतायची, घागरीला घागर लागू न देता. 'वाढा वं माय पानी' असं म्हणायला मीही लहानपणी शिकले होते. ते म्हणताना आवाज केवढा लहान करायचा तेसुद्धा शिकवावं लागत नाही.

पहाटेच्या त्या पाण्याला गावात मोठा मान. रात्रभर पाणी निजतं, गाळ-कचरा तळाशी बसतो आणि निवळ वर राहतं, हे साऱ्यांचं शास्त्र. म्हणून पहिलं पाणी देवाला, बाळंतिणीला, दुखण्यातून उठलेल्याला. आमच्या वाट्याला साऱ्या गावानं पाय बुडवून ढवळलेलं.

तरी एक गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नव्हती. उन्हाळा लागला की वरच्या आळ्यांत नारू निघायचा. कुणाच्या पोटरीला, कुणाच्या घोट्याला फोड यायचा, आग पडायची, फोड फुटून पांढऱ्या दोऱ्यासारखं टोक बाहेर यायचं. तो दोरा काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटू द्यायचा नाही. तुटला तर पाय सडला म्हणून समजा. पेरणीच्या दिवसांत अर्धं गाव खाटेवर पडलेलं असायचं. आणि आमच्या वाड्यात नारू क्वचितच. गावानं याचा अर्थ आपल्या पद्धतीनं लावला होता: म्हारवाड्यातून करणी होते. आमच्यातल्या एका म्हातारीला त्यापायी लिंबाला बांधून मारलंही होतं.

बनाबाईनं वरून ओतलेलं पाणी घ्यायचं बंद केलं ते पंचफुला नववीत असताना. पोरगी शाळेतून आली आणि दप्तर ठेवून घागर घेऊन कुसवाशी उभी राहिली. पाणी ओतणाऱ्या बाईनं थट्टेनं म्हटलं, 'मडम झाली त का आता पायऱ्या उतरशीन का?' बनाबाई शेजारीच उभी होती. तिनं पोरीच्या हातातली घागर घेतली, पालथी केली आणि घरी आली. त्या दिवसापासून ती रोज बारवेवर जाऊन उभी राहायची, पाणी न घेता परत यायची, आणि नदीत झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरायची. वाड्यातल्या बायांना वाटलं, आठ दिवसांचं खूळ आहे. ते दोन वर्षं चाललं.

मधे ती मेहकरला जाऊन तहसिलीत बसली. एकदा पोलीस आले. पोलिसांच्या देखत ती पायऱ्या उतरली, घागर भरली, सगळं गाव हात जोडून उभं. पोलीस गेले, दुसऱ्या दिवशी त्या पायरीवर शेणाचा पो पडलेला आणि उकंडरावांचे दोन गडी काठ्या घेऊन बसलेले. आमच्यातले लोकही तिला म्हणत, की कायदा मेहकरला राहतो आणि आपण इथं राहतो. ती कुणाचं ऐकायची नाही. तिचं मागणं एवढंच होतं, की माझी पोरगी आपल्या पायानं खाली जाईल आणि आपल्या हातानं घागर बुडवेल. केव्हा, कितवी, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पहिलं पाणी तिनं मागितलं नव्हतं.

त्या वर्षी माघात आरोग्य खात्याचे एक निरीक्षक गावात आले. नाव भगवंतराव. दोन दिवस उकंडरावांकडे मुक्कामाला होते. पहाटे आणि भरदुपारी बारवेत बाटली सोडायचे. बाटलीला दगड बांधलेला, बुचाला वेगळी दोरी. हव्या तेवढ्या खोलीवर बाटली गेली की बुचाची दोरी ओढायची, म्हणजे तिथलंच पाणी आत शिरतं. आम्ही पोरं कुसवावरून पाहत होतो. आम्हाला वाटलं, सरकार बारवेची खोली मोजतंय. मग संध्याकाळी उकंडरावांच्या ओट्यावर गाव गोळा झालं आणि भगवंतरावांनी काहीतरी समजावून सांगितलं. वाड्याला बोलावणं नव्हतं. भगवंतरावांनी विचारलं म्हणे, की त्या बाजूला जायचं का? त्यांना सांगण्यात आलं, की तिकडं नारूच नाही. तेही खरंच होतं, आणि साहेबांना एसटी धरायची होती.

आणि पाडव्याला आक्रीत घडलं. मारुतीच्या पारावर पंचांग वाचून झालं, आणि उकंडरावांनी वाड्यातल्या लोकांना जवळ बोलावलं. उकंडराव म्हणजे पांढराशुभ्र फेटा, मऊ बोलणं, आणि शिवी द्यायची तरी 'बापा' म्हणून द्यायची असा माणूस. ते म्हणाले, आता जग बदललं, सरकार बदललं, आपणही बदललं पाहिजे. आजपासून बौद्धवाड्यातल्या बायांनी बारवेत उतरून पाणी भरावं. आणि शेवटी नाही, सगळ्यात पहिले. गुरवाच्याही आधी. आजवर मागे राहिले त्यांना पुढचा मान. गाव आता उन्हं चढल्यावर भरेल.

पारावर कुणी चकार शब्द काढला नाही. एरवी म्हशीच्या शेपटीवरून डोकी फोडणारी ती भावकी, गाईसारखी गप. यातच काय ते ओळखायला हवं होतं. पण दोन वर्षं तहानेलेल्या माणसाला कुणी भरला तांब्या दिला, तर तो तांब्याचा तळ बघत बसत नाही.

मोठे बाबा मात्र घरी आल्यावर म्हणाले, 'जे मांगतलंच नाई ते कोनी देते का वं?' आयुष्यात ते शहाणपणाचं फारसं बोलले नाहीत. जे बोलले ते बनाबाईनं उडवून लावलं. तिचं म्हणणं, यांच्या हाडात बुटाचा मार खाण्याची सवय मुरली आहे, कुणी पायातला काढून हातात दिला तरी हे वळ शोधणार.

दुसऱ्या दिवशी अंधारात वाड्यातल्या साऱ्या बाया निघाल्या. नवी लुगडी नेसलेल्या, घासून लखलखीत केलेल्या घागरी. मी आईचं बोट धरून होते. पंचफुला पुढे. ती पायऱ्या उतरली, पाण्यात उभी राहिली, वाकून ओंजळ भरली आणि आधी प्याली, मग घागर बुडवली. बनाबाई वरच्या पायरीवर उभी राहून रडत होती. तिला रडताना मी तेव्हा पाहिलं. नंतर पोरीच्या दुखण्यातही पाहिलं नाही. ते पाणी गार होतं, गोड होतं. मीही प्याले. आम्ही सगळ्याच प्यालो, आणि ते वर्षभर रोज पीत राहिलो.

पुढच्या शिमग्याच्या आसपास वाड्यात पहिला फोड आला. मग दुसरा. मग घराघरात. आमच्याकडे वडिलांच्या घोट्याला. पंचफुलाच्या गुडघ्याच्या वाटीखाली. मला निघाला नाही, का ते मला आजही सांगता यायचं नाही. तेव्हाच पंचफुलाला बुलढाण्याहून नर्सच्या ट्रेनिंगच्या मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. दोरा निम्माच बाहेर आला होता, आगपेटीच्या काडीला गुंडाळून वर फडकं बांधलेलं. बनाबाई म्हणाली, थांब. पंचफुला म्हणाली, मुलाखत थांबत नसते. मोठे बाबा तिला घेऊन निघाले. एसटीत उभ्यानं गर्दी, कुणाचं तरी गाठोडं गुडघ्यावर आपटलं, आणि काडी उसळून दोरा आत तुटला. देऊळगाव राजाच्या स्टँडवर तिला उचलून खाली घ्यावं लागलं. तिथून पुढं ती गेलीच नाही. महिनाभर गुडघा पिकत राहिला, आणि पिकणं थांबलं तेव्हा तो वाकत नव्हता.

वाड्यातलं बोलणं तोवर बदललं होतं. घरोघरी कण्हणं, मजुरीचे दिवस बुडालेले, आणि दोष द्यायला एक माणूस हाताशी. तुझ्या मानापायी आमच्या लेकरांचे पाय गेले, असं तिला तोंडावर म्हणायला लागले. माझी आईही म्हणाली. कुणी म्हणालं, देवानं आपली पायरी दाखवली. ज्यांनी देव नदीत सोडले होते तेच हे बोलत होते. बनाबाई उलटून बोलेल म्हणून मी वाट पाहिली. ती बोलली नाही. तिलाही मनातून तेच वाटत असावं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

चैत्र सरता सरता भगवंतराव पुन्हा आले. या वेळी नारू कुठं आहे म्हणून विचारलं तर गावानं वाड्याकडं बोट दाखवलं. वरच्या आळ्यांत बराच कमी झाला होता. ते आमच्या अंगणात खाटेवर बसले, पंचफुलाचा गुडघा पाहिला, आणि चक्रावून विचारलं, की तुमच्याकडे तर नव्हता, पाण्यात काही बदल केला का? बनाबाईनं सांगितलं, 'बदल काय, आता पयलं पानी आमचं असते. पाडव्यापासून. सरपंचानं मान देला.'

भगवंतरावांचा चेहरा उतरला. मग त्यांनी पिशवीतून बाटली काढली आणि पंचफुलाला म्हणाले, उद्या पहाटे कुणाला तरी हिच्यात वरवरचं पाणी भरायला सांग, मी उजेडात दाखवतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती बाटली उन्हाकडे धरली. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. मग डोळा बसला. मिठाच्या कणाएवढे पांढरट ठिपके. ते नुसते तरंगत नव्हते. झटका देऊन वर जायचे, हात पसरून सावकाश खाली यायचे, पुन्हा झटका. त्यांच्यामधून गाळाचे कण, पाल्याचा भुगा, कबुतरांच्या विष्ठेची धूळ खाली उतरत होती, खरोखरच तळाला बसत होती. गावाचं शास्त्र तेवढ्यापुरतं बरोबर होतं. जे मेलेलं आहे ते रात्री तळाशी जातं. जिवंत आहे ते अंधारात वर येतं. ऊन पाण्यात शिरलं की हे जीव खाली सरकतात, कडेच्या सावलीत जातात, आणि दिवस मावळला की पुन्हा वर. नारू निघालेला माणूस पाण्यात पाय घालतो तेव्हा फोडातून बारीक पिल्लं सुटतात, त्या पिल्लांना हे जीव गिळतात, आणि पाण्याबरोबर आपण या जिवांना गिळतो. मग ती पिल्लं माणसाच्या अंगात वर्षभर मोठी होत राहतात. पहाटेची घागर म्हणजे या जिवांनी भरलेली. भरदुपारी वरून ओतलेल्या पाण्यात ते फारसे नसायचे. पिढ्यान्पिढ्या आमच्या बाया अपमान भरून आणत होत्या, आणि नारू तेवढा वरच्या आळ्यांतच राहत होता.

पंचफुला ती बाटली सोडेना. आपल्याला लंगडं करणारी गोष्ट माणसाला अशी हातात धरून पाहायला मिळत नाही. ती पदरानं अर्धी बाटली झाकायची आणि ठिपके सावलीकडे सरकताना बघायची. बनाबाईला त्याच्यात रस नव्हता. तिनं भगवंतरावांना एकच विचारलं, 'हे तुमी मांगच्या साली ओट्यावर सांगतलं व्हतं?'

त्यांनी मान हलवली. सगळं सांगितलं होतं. पहाटेचं पाणी वाईट, उन्हातलं त्यातल्या त्यात बरं, पण भरवसा कशाचाच नाही, दुपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय थेंब पिऊ नका, फोड असलेल्यानं पायऱ्या उतरू नयेत. मग खाली बघत म्हणाले, मी इकडंही यायला हवं होतं. हवं होतंच. त्या माणसाची बाजू घ्यायची मला बिलकूल इच्छा नाही. वाड्यापासून बारव किती लांब, ओटा किती लांब. पण निदान तो खाली बघत होता.

बनाबाई तडक उकंडरावांच्या ओट्यावर गेली. मी आणि माझी आई मागोमाग. ते शेंगा फोडत बसले होते. तिनं आरडाओरडा केला नाही. विचारलं, की तुम्हाला माहीत होतं ना?

उकंडराव शांतपणे म्हणाले, 'तू मान मांगतला, म्या मान देला. पान्यात काय हाये ते मले काऊन इचारतं?'

'गाळून पेवाव हे साऱ्या गावाले सांगतलं. आमी गावात नाई?'

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि टरफलं सुपात टाकली. मग म्हणाले, की नको असेल तर पहिल्यासारखं दुपारी या, कुणीतरी ओतेल, तुमचीच मर्जी. आतल्या दारात त्यांची सून कौशल्याबाई उभी होती. तिच्या मागं रांजण दिसत होता, तोंडाला पांढरंस्वच्छ फडकं बांधलेलं. वर्षभर त्या अंगणात आमच्या बाया शेण काढत होत्या, धान्य पाखडत होत्या. आत पाऊल टाकायची बंदी, म्हणून ते फडकं एकीलाही दिसलं नव्हतं.

त्या संध्याकाळी वाड्यातले पुरुष बसले. बरेचजण म्हणाले, दुपारचंच बरं होतं, ओतून घेऊ, पाय तर शाबूत राहतील. मला वाटलं आता बनाबाई मोडणार. ती उभी राहिली आणि म्हणाली, ज्याला भीक मागायची त्यानं माझ्या पोरीच्या गुडघ्यावर हात ठेवून मागावी. तिनं आपलं एक धड लुगडं फाडलं, दुपदरी तुकडे केले आणि घरोघर नेऊन घागरीच्या तोंडाला बांधले. ज्यांनी तिला शिव्या दिल्या त्यांच्याही. माझ्या आईनं तो तुकडा खाली मान घालून घेतला.

मग एक मे आला, महाराष्ट्र दिन. शाळेपुढं मांडव, कर्णा, झेंडा, आणि बुलढाण्याहून मोठे साहेब. तालुक्यात एकच असं गाव निघालं होतं, की जिथं बौद्धांना पहिल्या पाण्याचा मान आहे, त्यामुळं सरपंचांचा सत्कार. मास्तरांनी कार्यक्रम आखला: बनाबाईनं व्यासपीठावर सरपंचांना आपल्या हातानं पाणी द्यावं, म्हणजे साहेबांना प्रत्यक्षच दिसेल. विचारायला मास्तर आले तेव्हा त्यांना वाटलं होतं, ही बाई चपलेनं हाणेल. ती म्हणाली, येते.

त्या दिवशी पहाटे ती एकटीच बारवेवर गेली. पितळी तांब्या भरला. गाळला नाही. आम्ही तिला पाहिलं, पंचफुलानं पाहिलं, मोठ्या बाबांनी पाहिलं, कुणी काही म्हणालं नाही.

मांडवात साहेबांसाठी टेबलावर काचेचे पेले मांडले होते. भाषणं झाली. साहेबांनी उकंडरावांच्या गळ्यात हार घातला आणि मास्तरांनी बनाबाईचं नाव पुकारलं. ती वर गेली, काचेचा एक पेला उचलला, तांब्यातून भरला आणि त्यांच्यापुढं धरला. सकाळचं ऊन मांडवाच्या कडेतून नेमकं तिथं पडत होतं. आम्ही पुढंच बसलो होतो. पेल्यातले ते ठिपके मला दिसले की दिसल्यासारखे वाटले, शपथ घेऊन सांगता येणार नाही. उकंडरावांना मात्र दिसले. त्यांची नजर पेल्यावर होती, तिच्या तोंडावर नाही.

नाही म्हणावं तर साहेबांसमोर बौद्ध बाईच्या हातचं पाणी नाकारलं असं झालं असतं. प्यावं तर तेच पाणी, जे त्यांनी वर्षभर आम्हाला पाजलं. हार गळ्यात तसाच.

मग उकंडरावांनी दुसरा पेला घेतला, खांद्यावरच्या उपरण्याचं टोक दुपदरी करून त्याच्या तोंडावर धरलं, आणि बनाबाईला खुणेनं सांगितलं, ओत.

तिला ओतावं लागलं. पाणी फडक्यातून गळून खाली आलं, ते त्यांनी घटाघट पिऊन टाकलं, मिशा पुसल्या आणि ओलं टोक पाठीमागं टाकलं. बनाबाई हळूच, पण पुढच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, 'म्हंजे गाळाले येते तुमाले.'

साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. ते एकदम उठले आणि कर्ण्यातून म्हणाले, बघा, याला म्हणतात आदर्श सरपंच, समतेचंही भान आणि आरोग्याचंही; पाणी नेहमी असंच गाळून प्यावं. टाळ्या पडल्या. सवयीनं आमच्यातल्याही काहींनी वाजवल्या. बनाबाई रिकामा तांब्या घेऊन खाली उतरली आणि पंचफुलाशेजारी येऊन बसली. पंचफुलाचा पाय समोर ताठ पसरलेला होता, माणसं तो ओलांडून जात होती.

पुढं उकंडरावांनी मळ्यात रहाटाची विहीर बांधली आणि सगळं गाव तिकडं गेलं. बारव आम्हाला राहिली, अख्खी, मानासकट. कित्येक वर्षांनी नारू गावातून गेला, मग देशातून गेला. नर्स मी झाले. व्हायची होती ती घरी शिवणयंत्र चालवत बसली, एका पायानं. मोठे बाबा खोकत खोकत गेले. बनाबाई खूप जगली, आणि शेवटपर्यंत गाव म्हणत राहिलं, की तिनं वाड्याला नारू दिला.

तिच्या शेवटच्या दुखण्यात मी तिच्याजवळ होते. इतकी वर्षं मनात अडकलेलं एकदाचं विचारून टाकलं, की मोठीमाय, त्या दिवशी त्यानं तसंच तोंडाला लावलं असतं तर? तू धरला असता ना त्याचा हात? मला वाटलं होतं ती हो म्हणेल. मरायला टेकलेलं माणूस असल्या गोष्टीला हो म्हणतं. शिवाय मी नर्स, मला ते ऐकायचं होतं.

तिनं डोळे उघडले. पलीकडं पंचफुलाचं यंत्र चालू होतं, त्याकडं थोडा वेळ कान दिला.

'पेऊ देलं असतं,' ती म्हणाली. 'अन् मंग सालभर वाट पाह्यली असती.'